नोंदीला उत्तर मिळू द्या : नागपुरातल्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते, 19 वर्षं झाली. सुट्या सुरू आहेत, कूलरसमोर बसून हे लिहून राहिले. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटीच उघडतात, म्हणजे अजून थोडे दिवस हातात आहेत आणि याच दिवसांत तुम्ही पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आणि उपक्रमांची यादी पक्की करता, म्हणून आत्ताच लिहिते, नंतर लिहून उपयोग नाही.

विषय आहे पोरांच्या ऑनलाइन वाचन डायरीचा. यंदा बऱ्याच शाळांच्या यादीत हा उपक्रम येणार असं कानावर आलंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण तीन वर्षं मी हे माझ्या वर्गात करते आहे. पण ज्या पद्धतीनं ते करायचं ठरून राहिलं ते ऐकून झोप उडाली, म्हणून हे पत्र.

आधी हे काय आहे ते सांगते. प्रत्येक पोराची एक डॉक फाइल. ती फक्त त्याला आणि मला दिसते. तो जे वाचतो, म्हणजे ग्रंथालयातलं पुस्तक, बालभारतीच्या साइटवर किशोर मासिकाचे जुने अंक आहेत त्यातली गोष्ट, स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या साइटवरची मराठी गोष्ट, काहीही, त्याबद्दल तो मला लिहितो. पत्र लिहिल्यासारखं. आणि मी तिथंच खाली त्याला उत्तर लिहिते. बस, एवढंच आहे. यातलं उत्तर काढून टाकलं तर जे उरते ते आणखी एक पोर्टल, आणि पोर्टलं आपल्याकडे कमी नाहीत.

एक नोंद जशीच्या तशी देते, पोराची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. सातवीतला मुलगा. वडील ऑटो चालवतात, घरात फोन एकच, तो वडिलांसोबत रात्री साडेनऊला घरी येतो. नोंदीची वेळ 9 वाजून 47 मिनिटं. पुस्तक ग्रंथालयातलं, कव्हर फाटलेलं, एक मुलगा घरच्यांपासून कुत्रं लपवून ठेवतो अशी गोष्ट. त्यानं लिहिलं :

"मॅडम, तो पोट्टा पलंगाखाली कुत्रं लपवते अन् मायले खोटं सांगते. मले त्याचा राग नाही आला. आमी बी घरमालकाले सांगतलं नाही का मांजर हाये म्हणून."

मी उत्तर लिहिलं की मांजरीचं नाव काय, आणि मालक आले की तिला कुठं लपवता, आणि त्या गोष्टीतली पलंगाखालची जागा तुला पटली का. दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा साडेनऊनंतर तब्बल चौदा ओळी आल्या. हा मुलगा परीक्षेत पाच ओळींच्या उत्तराला दोन ओळी लिहितो. त्यातल्या या तीन ओळी मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत :

"पलंगाखाली कुत्रं राहूच शकत नाही, ते भुंकते. मांजर गप राहते. लिहिणाऱ्यानं कुत्रं पाळलंच नसल."

माझ्या 19 वर्षांत एखाद्या विद्यार्थ्यानं लेखकाला असं पकडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ही समीक्षा आहे हो! गोष्टीतला तपशील स्वतःच्या जगण्यावर घासून पाहिला आणि खोटा निघाला तर तसं सांगितलं. याच मुलाच्या मागच्या वर्षीच्या वहीत मी पाहिलं, पाठाखाली लिहिलेलं होतं, "या पाठातून आपल्याला प्राणिमात्रांवर दया करावी हा बोध मिळतो." ते फळ्यावरून उतरवलेलं होतं. फळ्यावर मीच लिहिलं होतं.

ही कल्पना काही माझी नाही आणि नवीही नाही. वाचणाऱ्याचं आयुष्य आणि पुस्तकातला मजकूर एकमेकांना भेटतात तेव्हा अर्थ तयार होतो, ही गोष्ट अमेरिकेत लुईस रोझेनब्लॅट या बाईंनी 1938 मध्येच मांडली. पुढे तिथल्याच मेन राज्यातल्या नॅन्सी ॲटवेल यांनी आठवीच्या वर्गात पोरांशी पुस्तकांबद्दल पत्रव्यवहार सुरू केला, वहीत, हातानं, पोरं लिहायची आणि त्या प्रत्येकाला उलट लिहायच्या. 2015 मध्ये पहिलं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते याच ॲटवेलबाईंना. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नव्हतं. ऑनलाइनमुळे एवढंच झालं की 52 वह्यांचा गठ्ठा घरी न्यावा लागत नाही, पोरगं रात्री लिहिते आणि मी सकाळी वाचते, आणि वही हरवली असं कोणी सांगत नाही. महत्त्वाचं आहे, पण जीव त्यात नाही.

आता जे ऐकून झोप उडाली ते सांगते. ॲप घ्यायचं, नोंदीला स्टार द्यायचे, वर्गाची क्रमवारी स्क्रीनवर लावायची, आठवड्याला किमान तीन नोंदी सक्तीच्या आणि महिन्याच्या शेवटी आजूबाजूच्या शाळा पाहणाऱ्या केंद्रप्रमुखांना अहवाल. हे मी पाहून आले आहे. आधी मी ज्या शाळेत होते तिथं हेच केल्या गेलं, हेतू चांगलाच होता, पैसे खर्च झाले, पालकांना डॅशबोर्ड दाखवला. वर्गात एक मुलगी होती, तिच्या 46 नोंदी झाल्या, सगळ्यात जास्त. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला तिला स्टेजवर बोलावून बक्षीस दिलं, मी पण टाळ्या वाजवल्या. नंतर घरी बसून मी त्या 46 नोंदी उघडल्या. "पुस्तक खूप छान होते. मला खूप आवडले." फक्त पुस्तकाचं नाव बदललेलं. सेहेचाळीस वेळा. आणि त्या वर्षभरात एकाही नोंदीला आमच्यापैकी कोणीच एक अक्षर उत्तर दिलं नव्हतं, मी धरून, कारण ॲपमध्ये उत्तराची जागाच नव्हती, स्टारचं बटण होतं. दिवाळीनंतर ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, स्टार नको असले तर हळूहळू वाचलं तर चालते का?" मला त्या पोरीला काय सांगावं ते सुचेना.

मंडळी, पोरांना समजते की वाचणारं कोणी आहे की नाही. ज्याला कोणी वाचणार नाही त्याच्यासाठी बारा वर्षांचं पोरगं दोन ओळींच्या वर लिहित नाही आणि ते बरोबरच आहे.

तुम्ही म्हणाल मार्क तरी ठेवा, नाहीतर कोणी लिहिणारच नाही. मी ठेवत नाही. आपल्याकडे 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाला प्रत्येक पोराबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात, आणि आपण सगळे जाणतो की त्या नोंदी कुठल्यातरी पीडीएफमधून जशाच्या तशा उतरवल्या जातात. मी काय करते, मुलाच्या डायरीतली त्याचीच एक ओळ उचलते आणि त्यावरून वर्णनात्मक नोंद लिहिते. "गोष्टीतला तपशील स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहतो." ही त्या मांजरवाल्या मुलाची. केंद्रप्रमुखांनी ती वाचून विचारलं, ही कुठून घेतली. डायरी लिहिली नाही म्हणून कोणाचा मार्क जात नाही, आणि तरी 52 पैकी एकेचाळीस-बेचाळीस पोरं लिहितात. उरलेली दहा लिहित नाहीत, त्यांच्याशी मी मधल्या सुटीत बोलते, त्यातली काही वाचतच नाहीत आणि काहींना तोंडी सांगायला आवडते, ते पण ठीक आहे.

शुद्धलेखनाबद्दल पालकसभेत दर वेळी प्रश्न येतो. मॅडम, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं नाही? नाही तपासलं. डायरीत लाल रंग नाही हा माझा नियम आहे. पोरगं "पूस्तक" लिहिते, मी उत्तरात "हे पुस्तक तुला कोणी दिलं" असं लिहिते, तीनदा-चारदा बरोबर शब्द डोळ्यांखालून गेला की बऱ्याच जणांचा आपोआप सुधरते, ज्यांचा नाही सुधरत त्यांच्यासाठी व्याकरणाचा तास आहेच. आणि "मले" "तुले" "काऊन" यांना तर मी हात लावत नाही. निबंधात प्रमाण मराठी लिही, तिथं मी कापते. पण डायरीत पोरगं ज्या भाषेत विचार करून राहिलं त्याच भाषेत लिहू द्या. मराठीतलं पहिलं मोठं गद्य, लीळाचरित्र, आपल्याच विदर्भात, रिद्धपूरला, लोकांच्या बोलण्यातल्या भाषेत लिहिल्या गेलं, आपल्याला आपल्या बोलीची लाज कशाला पाहिजे. सुरुवातीला तर अर्धी पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, मी तेही चालू देते. महिन्याभरात त्यांना मराठी कीबोर्ड लावून देते, बोलून टाइप करायचं शिकवते, आणि मग ती स्वतःच देवनागरीवर येतात कारण इंग्रजी अक्षरांत "ळ" लिहिता येत नाही याचा त्यांना राग येतो.

चॅटजीपीटीचं पण सांगते, कारण हा प्रश्न येणारच. आलं माझ्याकडे पण. एका मुलानं नोंद चिकटवली, "ही कथा मैत्री, त्याग आणि मानवी मूल्यांचे महत्त्व अधोरेखित करते." सातवीतला मुलगा "अधोरेखित" म्हणत नाही. फाइलचा इतिहास उघडला की दिसतेच, अख्खा परिच्छेद एका सेकंदात आलेला असतो. मी त्याला रागावले नाही. उत्तरात फक्त विचारलं, तू कोणत्या पानावर थांबलास? दोन दिवस काही आलं नाही. मग आलं, "पान 14 वर. तिथून कंटाळा आला, नुसते झाडांचे वर्णन होते." मी लिहिलं, मला पण तिथं कंटाळा आला होता, सोड ते, दुसरं घे. तेव्हापासून त्याची एकही नोंद चिकटवलेली नाही. मशीन सारांश देते, आणि आपण सारांशच मागितला तर पोरगं मशीनकडेच जाईल. पान 14 वर त्याला कंटाळा आला हे मशीनला माहीत नसते. म्हणून माझे प्रश्न असेच असतात. कुठं थांबलास, कोणाचा राग आला, कोणती ओळ दोनदा वाचली, काय पटलं नाही. "या कथेचा बोध सांगा" हा प्रश्न मी काढूनच टाकला आहे.

आता सगळ्यात मोठी अडचण आणि माझी सगळ्यात मोठी मागणी. वेळ.

52 पोरं, एका नोंदीला नीट वाचून उत्तर द्यायला मला चार मिनिटं लागतात, म्हणजे 208 मिनिटं, साडेतीन तास, आणि हे एका तुकडीचं. माझ्याकडे तीन तुकड्या आहेत. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला 35 पोरांमागे एक शिक्षक म्हणतो, वर्गात बसतात 52, त्याचा निकाल तुमच्या हातात नाही हे मला समजते. म्हणून मी वर्गाचे चार गट केले, तेरा-तेराचे. एका आठवड्यात एका गटानं मला लिहायचं, बाकी तीन आठवडे वर्गातल्या एका दोस्ताला लिहायचं, तो उत्तर देतो. म्हणजे प्रत्येक पोराला महिन्यातून एकदा माझं उत्तर मिळते आणि ते पूर्ण उत्तर असते. आठवड्याला तीन नोंदी सक्तीच्या करण्यापेक्षा महिन्याला एक खरी नोंद आणि तिला एक खरं उत्तर, एवढं करा. तरी तीन तुकड्या मिळून आठवड्याला 39 उत्तरं होतात, अडीच तासांच्या वर. हा वेळ मी आजवर रात्री जेवणं झाल्यावर काढला. मला चालते, पण ज्यांची लहान लेकरं आहेत किंवा जे हिंगण्याहून, वाडीवरून येणं-जाणं करतात त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं बरोबर नाही. आठवड्यातले दोन ऑफ तास या कामासाठी राखून द्या आणि त्या तासांना बदली तासाला पाठवू नका. ॲपचे पैसे वाचवा, त्याऐवजी हे द्या.

ॲपची गरजच नाही कारण शाळांसाठीचं गूगल वर्कस्पेस मूळ रूपात फुकट मिळते, त्यात डॉक आहे, क्लासरूम आहे. पोरांना शाळेचेच अकाउंट काढून द्या. तेरा वर्षांखालच्या पोराला स्वतःचं गूगल अकाउंट काढता येत नाही, मग पोरं वय खोटं टाकतात नाहीतर वडिलांच्या अकाउंटवरून लिहितात आणि वडील वाचतात, मग पोरगं काय लिहिणार. 2023 चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा तर 18 वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरतो आणि पालकांच्या संमतीचं सांगतो, तेव्हा स्टार देणाऱ्या कंपनीला पोरांचा डेटा देण्याआधी दहादा विचार करा. पालकसभेत कागदावर संमती घ्या, मराठीत, समजेल असं लिहून.

फोनचं काय, हा पण प्रश्न आहे. खेड्यातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या असरच्या 2024 च्या अहवालात खेड्यातल्या 14 ते 16 वयाच्या पोरांपैकी 82 टक्क्यांनी स्मार्टफोन चालवता येतो सांगितलं, पण आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे 57 टक्के आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. आपली पोरं शहरातली आणि थोडी लहान, पण चित्र काही फार वेगळं नाही, फोन हातात आहे, तो कशासाठी उघडायचा हा प्रश्न आहे. ज्यांच्या घरी फोनच नाही अशी माझ्या वर्गात सहा पोरं आहेत. त्यांच्यासाठी शनिवारी संगणक खोलीची एक तासिका लागते. ती खोली उघडी असली पाहिजे आणि किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात अर्धा तास जाऊ नये, एवढीच विनंती. दोन पोरी वहीतच लिहितात, मी फोटो काढून त्यांच्या फाइलला लावते आणि उत्तर वहीत लिहिते. 2020 मध्ये लॉकडाउनला आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वहीचे फोटो तपासलेच आहेत, जमते ते.

एक गोष्ट गंभीर आहे. पोरगं मोकळं लिहायला लागलं की ते पुस्तकाच्या आडून घरचं पण लिहिते. माझ्याकडे एकदा असं आलं की हात थंड पडले, काय ते इथं लिहिणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना सांगते, तुम्ही लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, फक्त तुम्हाला कोणी त्रास देत असेल, इजा करत असेल तर मी गप्प बसणार नाही, तुम्हाला सांगून पुढे जाईन. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर प्रत्येक फाइलच्या वर लिहून ठेवला आहे. उपक्रम सुरू करण्याआधी शिक्षकांना हे सांगा. यावर एक सभा घ्या, बाकीच्या सभा कमी केल्या तरी चालतील. आणि कृपा करून डायऱ्या तपासणीसाठी मागू नका. कोणी बाहेरून आलं की "चांगल्या चार डायऱ्या दाखवा" असं होते. एकदा दाखवली की त्या पोराची डायरी संपली. दाखवायचंच असेल तर पोरांना विचारून, त्यांनी निवडलेली नोंद दाखवा.

पुस्तकांचं थोडक्यात. ग्रंथालयाची कपाटं उघडी ठेवा. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलवर जी गर्दी असते, खिशातल्या थोड्या पैशातून पुस्तक घेऊन जाणारी माणसं असतात, ती याच शहरात आपण दर वर्षी पाहतो. आमच्या इकडे कोणी वाचत नाही असं मग कोणी म्हणू नये. पोरांना तिथं नेऊन एकेक पुस्तक स्वतः निवडू दिलं तर तीन महिन्यांच्या नोंदी निघतात, मी केलं आहे.

आता शेवटचं, आणि हे माझ्याच शाळेच्या निमित्तानं पण सगळ्यांनाच सांगते. बऱ्याच ठिकाणी वर्ष संपलं की पोरांची अकाउंटं काढून टाकतात आणि नव्या वर्षाला नवी काढतात, कारण वर्ग बदलतो, हजेरी क्रमांक बदलतो, आणि ते सोपं पडते. आमच्याकडे यंदा 30 जूनला काढणार आहेत. पोरानं सहावीत लिहिलेलं त्याला आठवीत दिसलं पाहिजे, आपण किती वेगळं वाचायला लागलो हे त्याला स्वतःच्याच अक्षरात दिसते, ते कोणत्याच प्रगतिपुस्तकात येत नाही. अकाउंटला हजेरी क्रमांकाऐवजी जनरल रजिस्टरचा नंबर द्या, तो शाळा सोडेपर्यंत बदलत नाही, मग काढायची गरजच पडत नाही.

2 जूनला रात्री, सुटीत, कोणी सांगितलेलं नसताना त्या मांजरवाल्या मुलाची नोंद आली. मांजरीला तीन पिल्लं झाली, घरमालकाला समजलं, आणि मालकांनी एक पिल्लू मागितलं. वडिलांनी सीताबर्डीच्या फुटपाथवरून वीस रुपयांत एक जुनं पुस्तक आणलं आहे, त्यातली मधली पानं फाटलेली आहेत. "मधातलं मीच लिहून राहिलो. इथंच खाली लिहितो. शाळा उघडली का वाचजा."

आतापर्यंत त्याची तीन पानं झाली आहेत. तो अजून लिहितोच आहे. तीस तारखेच्या आधी ते अकाउंट काढणं थांबवा.

आपली,
सातवी 'ब' ची मराठीची शिक्षिका
नागपूर